आईची गाणी आणि घरचा डबा



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक पत्र्याची पेटी असते. पलंगाखाली नाहीतर माळ्यावर. तिच्यात रेशनकार्ड असते, शाळा सोडल्याचे दाखले असतात, जातीचा दाखला, गिरणीतली नाहीतर रेल्वेतली पगाराची जुनी चिठ्ठी, लग्नातले दोन-चार काळे-पांढरे फोटो. पेटीची किल्ली घरातल्या बाईच्या कमरेला. पाणी भरले, आग लागली तर माणसांच्या पाठोपाठ ती पेटी बाहेर काढायची, हे लहान पोरालाही ठाऊक असते.

आता त्या पेटीतले निम्मे सामान मोबाइलमध्ये गेले आहे. मुलीच्या प्रवेशाचे कागद मोबाइलवर, नातवाचे पहिले पाऊल मोबाइलवर, गेलेल्या माणसाचा आवाजसुद्धा मोबाइलवर. आणि मोबाइल हा लोकलमध्ये चोरीला जातो, पाण्याच्या पिंपात पडतो, हप्ते फिटायच्या आत बंद पडतो. म्हणून आमच्या घरी आम्ही एक यंत्र ठेवले. घरातल्या सगळ्या मोबाइलांतले फोटो, कागद, गाणी त्यात एका जागी जमा होतात. बाजारात त्याला स्टोरेज सर्व्हर म्हणतात, कोणी नॅस म्हणतात. आमच्या घरात त्याचे नाव ‘डबा’. त्या डब्याने एका पावसाळ्यात आमच्या तोंडचे पाणी पळवले, त्याची ही हकीकत.

डबा काही महागाचा नाही. २०१९ मध्ये एका कचेरीने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, त्यातला एक मी उचलला. त्यात दोन-दोन टीबीच्या दोन नव्या हार्ड डिस्क बसवल्या आणि ओपनमीडियाव्हॉल्ट नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली. विक्रोळीच्या आमच्या दोन खोल्यांत, टीव्हीच्या फळीखाली तो जाऊन बसला. विजेचे म्हणाल तर असा जुना कॉम्प्युटर ५० वॅट खात असेल, तर चोवीस तासांत सव्वा युनिटच्या आसपास, महिन्याला ३६ युनिट. दहा वॅटवर चालणारी छोटी यंत्रे मिळतात, ती सात युनिटांत भागवतात. आम्ही रात्री अकराला डबा बंद करतो, सकाळी चालू करतो. घरचे फोटो मध्यरात्री कोणाला लागत नाहीत.

दोन डिस्क कशाला, असे बायकोने तेव्हाच विचारले होते. मी मोठ्या ऐटीत सांगितले की हा आरसा आहे. एका डिस्कवर जे लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. एक मेली तर दुसरी आहे. तंत्रज्ञ त्याला रेड-वन म्हणतात. चार-पाच वर्षे हा आरसा नीट चालला आणि माझी ऐट वाढत गेली.

डब्यातली सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे ‘आईची गाणी’ नावाचा फोल्डर. माझी आई गाणारी. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, जयंतीच्या मिरवणुकीतली गाणी, सगळे पाठ. २०१६ पासून माझी बहीण आणि भाचा तिच्यासमोर मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण करत. एकूण ४१ गाणी. स्टुडिओ म्हणजे आमचे स्वयंपाकघर. एका पाळण्यात मधेच कुकरची शिट्टी होते आणि आई गाणे न थांबवता हाताने खूण करून गॅस बंद करायला सांगते, ती बांगड्यांची किणकिण ऐकू येते. आई गेली. वर्षाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. नागपूरची मावशी येणार होती. तिची एकच मागणी, “माझ्या बहिणीचा आवाज ऐकवा.”

डबा उघडेना

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, ऑगस्टच्या पावसात, रात्री दोनदा वीज गेली. सकाळी भाचा म्हणाला, “मामा, डबा उघडत नाही.”

अशा वेळी आपण पहिली चूक करतो ती म्हणजे दिसेल ते बटण दाबायचे, वायरी उपटायच्या, पुन्हा पुन्हा बंद-चालू करायचे. तसे करू नये. आधी पाहावे की एकाच मोबाइलवर उघडत नाही की सगळ्यांवर. एकाच मोबाइलवर असेल तर दोष मोबाइलचा. आमच्याकडे सगळ्यांवर बंद. मग डब्याचा दिवा पाहिला, पंख्याचा आवाज ऐकला. दोन्ही ठीक. मग डब्यातून राउटरला गेलेली वायर पाहिली. तिच्या खोबणीजवळचा बारीक दिवा लुकलुकत होता, म्हणजे वायरही जिवंत. मग उरले काय? घराचा नंबर!

राउटर हा चाळीतल्या भाडे गोळा करणाऱ्या माणसासारखा आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो एक नंबर देतो. वीज जाऊन आली की कधी कधी नंबर बदलून देतो. आम्ही जुन्या नंबरवर दार ठोठावत होतो, आणि डबा दुसऱ्या नंबरच्या खोलीत निवांत बसला होता. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, तिथे नवा नंबर सापडला. तिथेच डब्याचा नंबर कायमचा राखून ठेवण्याची सोय असते, ती मी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. वीस मिनिटांचे काम. डबा उघडला.

आणि त्यात ‘आईची गाणी’ हा फोल्डर नव्हता.

बहीण काही बोलली नाही, खाली बसली. भाच्याचा चेहरा पांढरा पडला. जूनमध्ये डबा भरत आला होता, तेव्हा जागा मोकळी कर असे मीच त्याला सांगितले होते. त्याला एकाच नावाचे दोन फोल्डर दिसले. एक खरा, एक अर्धवट, रिकाम्यासारखा. त्याने जास्तीचा म्हणून जो पुसला तो खरा निघाला. उरलेला अर्धवट फोल्डर दुसऱ्या दिवशी मीच पुसला. मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता. पुसण्याआधी कोणी पाहायचे, हे आम्ही कधी ठरवलेच नव्हते. गाणी ज्या मोबाइलांवर मुद्रित झाली ते मोबाइल केव्हाच एक्स्चेंजमध्ये गेले होते. ही फाइल वाटणारी जी प्रणाली डब्यात असते, सांबा, तिच्यात कचरापेटीची सोय आहे. पुसलेली वस्तू काही दिवस पेटीत राहते. पण ती आपण चालू करावी लागते. मी केलेली नव्हती.

आणि आरसा? आरशाने आपले काम चोख केले असणार. एका डिस्कवरून पुसले, त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसले. आरशासमोर उभे राहून आपण टोपी काढली तर आरशातला माणूस टोपी घालून थोडाच राहतो?

ही गोष्ट मला तोपर्यंत उमगली नव्हती, आणि ती आपल्यापैकी अनेकांना उमगलेली नसेल म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. मोठ्या महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधल्या तर काम भागते. मात्र स्वस्त डिस्क मरणार, म्हणून एक मेली तरी काम थांबू नये अशी योजना करायची. ‘रेड’ हे नाव तिथले. म्हणजे ही योजना मुळात काम थांबू नये यासाठी आहे. चुकून पुसलेले, विषाणूने बिघडवलेले, वर दुसरे काही लिहिल्याने गेलेले परत मिळावे यासाठी ती नाही. त्यासाठी वेगळी प्रत लागते, आणि ती प्रत मूळ वस्तूपासून तुटलेली असावी लागते.

बटण दाबणार होतो

पण खरी गंमत पुढेच होती. डब्याच्या पानावर एक लाल ओळ दिसत होती. आरसा एका डिस्कवर चालला आहे, दुसरी बाजूला पडली आहे, असा तिचा अर्थ. अशी तक्रार आली की डबा ईमेल पाठवतो. त्याने पाठवलेही होते. ते माझ्या एका जुन्या पत्त्यावर जात होते, जो मी दोन वर्षांत उघडला नव्हता.

मी ती बाजूला पडलेली डिस्क आरशात परत जोडणार होतो. पानावर तशी सोय असते. सुदैवाने आमच्या युनियनमधल्या एका मित्राचा मुलगा संगणकाचे काम करतो, त्याला आधी फोन लावला. “जय भीम काका. कशालाच हात लावू नका,” तो म्हणाला. “आधी सांगा, ती डिस्क कधीपासून बाजूला पडली आहे?”

जुने ईमेल उघडले. एप्रिल! जयंतीच्या आधी घराला रंग दिला तेव्हा डबा फळीवरून काढून पुन्हा ठेवला होता. त्या उचलाउचलीत आतली डेटाची वायर सैल झाली होती. फोल्डर पुसला गेला जूनमध्ये. म्हणजे ती डिस्क एप्रिलमध्येच आरशातून बाहेर पडली होती आणि जूनमध्ये काय पुसले गेले हे तिला माहीतच नव्हते.

मी बटण दाबले असते तर डब्याने चालू डिस्कवरचा मजकूर तिच्यावर अथपासून इतिपर्यंत लिहून काढला असता. चार महिने सैल वायरीने सांभाळलेली गाणी मी माझ्या हाताने पुसली असती.

संध्याकाळी तो मुलगा आला. त्याने ती डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, आणि फक्त वाचायची, तिच्यावर काहीही लिहायचे नाही, अशा रीतीने उघडली. फोल्डर होता. ४१ च्या ४१. बहिणीने पहिले गाणे लावायला सांगितले आणि तो म्हणाला, “मावशी, आधी प्रत काढू, मग ऐकू.” त्याचे म्हणणे बरोबर होते, तरी तिला तो अर्धा तास फार लांब गेला.

डिस्कची नाडी

प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट नोंद म्हणतात. त्यात पुष्कळ आकडे असतात, आपण चार पाहावेत. ५ क्रमांकाचा आकडा म्हणजे खराब झाल्याने सोडून दिलेल्या आणि राखीव जागेतून भरून काढलेल्या जागा. १९७ म्हणजे संशयित जागा, ज्या वाचताना डिस्क अडखळते. १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेल्या जागा. हे तीन शून्य असावेत. शून्यावरून वर चढू लागले तर नव्या डिस्कची तयारी करावी. १९९ चा आकडा वेगळा आहे. तो चढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसतो, वायरीचा असतो. तो जुना आकडा पुसला जात नाही. वायर बदलल्यावर तो वाढायचा थांबला की समजावे रोग गेला.

आमच्या बाजूला पडलेल्या डिस्कवर १९९ चा आकडा फुगला होता, बाकी प्रकृती ठणठणीत. आणि जी बिचारी चार महिने एकटी चालत होती, तिच्या १९७ वर २४! म्हणजे जी मेली असे वाटले ती धडधाकट, आणि जी चालती-बोलती ती आजारी. एप्रिलनंतरचे सगळे, जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो, पुतणीच्या कॉलेज प्रवेशाचे कागद, फक्त त्या आजारी डिस्कवर होते.

आजारी डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करायचे नसतात. तिच्यात थोडेच श्वास उरलेले असतात, ते प्रत काढण्यात खर्च करायचे. त्या मुलाने एक नवी डिस्क आणायला लावली आणि डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनाने आजारी डिस्कची हुबेहूब नक्कल रात्रभर काढली. हे साधन शहाणे आहे. आधी सहज वाचता येईल ते सगळे उचलते, अडखळणाऱ्या जागा मागे ठेवते, आणि शेवटी त्यांच्याकडे परत येते. सकाळी हिशेब लागला. सात फोटो गेले, बाकी सर्व आले. डिस्कमधून कट-कट असा आवाज येत असता तर मात्र घरी काहीच करू नये असे तो म्हणाला. वीज बंद करून जाणत्या माणसाकडे न्यावी.

कार्यक्रमात तीन गाणी लावली. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मावशी रडता रडता हसली.

एकच खोली, एकच पाऊस

मोठ्यांच्या घरीही असेच होते. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या हुकुमाने चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला. प्रती काढण्याची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नव्हती आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. कंपनीतल्या गॅलिन सुसमन या बाई बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमध्ये गुंडाळून मोटारीतून जपून आणला. तिथेही कंपनीची यंत्रणा उपयोगी पडली नाही, बाळंतिणीच्या घरची तुटक प्रत उपयोगी पडली.

२६ जुलै २००५ आपण मुंबईकर विसरलेलो नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यावरच्या किती घरांतल्या पेट्या पाण्यात गेल्या! टीव्हीच्या फळीखाली डबा आणि त्याच फळीवर त्याची प्रत, तर पाणी दोघांनाही सारखेच. म्हणून एक प्रत घराबाहेर हवी. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारांनी रूढ केलेला हिशेब असा: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या ठिकाणी.

आमची आजची व्यवस्था सांगतो. डबा एक. दुसरी, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. ती महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडायची, प्रत काढायची आणि काढून कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवायची नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. असला विषाणू जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करू शकतो, कपाटातली मात्र करू शकत नाही. प्रत काढताना नवी प्रत जुनीवर लिहायची नाही, मागच्या काही महिन्यांच्या प्रती वेगळ्या ठेवायच्या. आरस्नॅपशॉट नावाचे साधन बदललेले तेवढेच नव्याने साठवते, म्हणून जागा फार लागत नाही. तिसरी डिस्क मावशीकडे नागपूरला. ऑक्टोबरात आम्ही दीक्षाभूमीला जातो तेव्हा नवी देतो, जुनी आणतो. तिला परवलीचा शब्द घातला आहे, कारण घरचे कागद वाटेत हरवायला नकोत. तो शब्द वहीत लिहून पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. माझ्या एकट्याच्या डोक्यात ठेवला असता तर मी गेल्यावर सगळे कुलूपबंद! शिवाय डब्याला एक छोटा यूपीएस लावला आहे. वीज गेली की काही मिनिटांत डबा स्वतःहून नीट बंद होतो.

ज्यांच्याकडे डबा नाही त्यांनी दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या तरी पुष्कळ. फक्त पेनड्राइव्हवर विसंबू नये. खणात वर्षानुवर्षे पडून राहिला तर त्यातले उडू शकते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो बहुधा दाबून लहान केलेला असतो, त्याला मूळ समजू नये.

आपल्या घरांत कागदांचे महत्त्व जास्त, हे वेगळे सांगायला नको. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तो बहुतेकांकडे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याच्या रूपाने असतो. स्कॅन म्हणजे अस्सल कागद नव्हे, कचेरीत अस्सलच दाखवावा लागतो. पण अस्सल हरवला तर शाळेचे नाव, सन आणि रजिस्टरचा नंबर हाताशी असला की शाळेतून पुन्हा नक्कल काढता येते. म्हणून कागद चारी कोपऱ्यांसकट आणि मागच्या बाजूसकट स्कॅन करावा, आणि फाइलला ‘१९४८ आजोबा शाळा दाखला’ असे माणसाला कळेल असे नाव द्यावे.

जाता जाता एक मौज. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये आणली, नागपूरच्या दीक्षेच्या आदल्या महिन्यात. दोन फुटी व्यासाच्या पन्नास तबकड्या, यंत्र मोठ्या कपाटाएवढे, आणि मावायची फक्त पन्नास लाख अक्षरे. आजच्या मोबाइलचा एक फोटो जेमतेम बसला असता.

पहिल्या रविवारी आणखी एक काम आम्ही करतो, आणि ते पुतणीकडे आहे. चिठ्ठ्या टाकून ती कपाटातल्या डिस्कवरची एक वस्तू निवडते आणि ती दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवायची. प्रत निघाली म्हणून यंत्र हिरवा दिवा दाखवते, पण उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मागच्या वेळी चिठ्ठी आली ती आजोबांच्या दाखल्याची. फाइल झटकन उघडली. पुतणीने ती मोठी करून पाहिली आणि विचारले, “काका, रजिस्टरचा नंबर कुठे आहे?” स्कॅन करताना मी खालची एक ओळ कापली होती. बायकोने कमरेची किल्ली काढून दिली, आणि आम्ही पत्र्याची पेटी खाली उतरवली.